पहिल्याच फटक्यात हिरवं

"अगं, मग घरी विचार ना नवऱ्याला!" रांगणेकर सर म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले.

मी हसले नाही. मला बसायलाही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळं उभ्या उभ्याच म्हणाले, "घरी विचारता येत नाही, सर. अबोला आहे."

"अजून? लग्न झालं तरी?"

"लग्नाचा आणि त्याचा काय संबंध?"

हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बाणेरला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आमची कंपनी होती. आम्ही चिप बनवत नव्हतो, चिपचं डिझाइन करायचो. ती प्रत्यक्ष बनायची परदेशातल्या कारखान्यात. डिझाइन म्हणजे चित्र नव्हे, कोड. माझा नवरा निरंजन केळुसकर तो कोड लिहायचा आणि मी, यामिनी होनराव, तो मोडून बघायचे. सॉफ्टवेअरमध्ये चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पाठवता येते. चिप एकदा सिलिकॉनवर उतरली की उतरली. म्हणून मोडायचं ते आधी, कॉम्प्युटरवर, आणि जितकं जमेल तितकं. मला ते काम फार आवडायचं. दुसऱ्याच्या कामातली खोड काढायची आणि वर पगार घ्यायचा, आणखी काय पाहिजे माणसाला!

अबोला ही वर्तक मॅडमची शिस्त. कंपनी त्यांनी काढली होती. डिझायनरनं आपला ब्लॉक आतून कसा केलाय हे तपासणाऱ्याला सांगायचं नाही, आणि तपासणाऱ्यानं विचारायचं नाही. गिऱ्हाइकाला काय हवंय ते दोघांनी वेगवेगळं वाचायचं आणि चिप कारखान्यात जाईपर्यंत त्या विषयावर तोंड बंद. डिझायनरनं एकदा समजावून सांगितलं की त्याची चूक तुमच्याही डोक्यात जाऊन बसते, आणि मग तुम्ही तिलाच बरोबर म्हणता. मॅडम म्हणायच्या, "ज्यानं भाजी केली त्याला मीठ विचारू नका. चाखा." त्या निवृत्त होऊन दापोलीला गेल्या, त्यांच्या जागी रांगणेकर आले, पण अबोला राहिला. मी आणि निरंजन तर तो घरीही पाळायचो. जेवताना जगातल्या सगळ्या विषयांवर बोलू, पण हीटरच्या ब्लॉकचं नाव नाही.

हीटरचा ब्लॉक म्हणजे तेव्हा हातात असलेल्या चिपमधला निरंजननं केलेला भाग. कोइमतूरची एक कंपनी नवजात बाळांसाठी वॉर्मर बनवायची. कमी दिवसांचं, अशक्त बाळ त्यात ठेवतात, वरून ऊब मिळते. बाळाच्या अंगाला एक सेन्सर लावलेला असतो, तो तापमान सांगतो, आणि चिप हीटर कमी-जास्त करते. स्वस्तातला वॉर्मर, तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यांसाठी. सेन्सर गप्प झाला तर हीटर बंद झालाच पाहिजे, ही पहिली अट. बाळाला गरम होतंय हे बाळ काही सांगू शकत नाही.

त्या अटीची टेस्ट मी लिहिली होती. ती पहिल्याच फटक्यात हिरवी झाली. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. आणि पहिल्याच फटक्यात हिरव्या झालेल्या टेस्टवर माझा विश्वास नसतो. सासूबाई पहिल्या भेटीत फार गोड बोलल्या तेव्हाही मला असंच झालं होतं. तीच शंका घेऊन मी सरांपुढं उभी होते.

"सर, मला फासे टाकायचेत," मी म्हणाले. "अर्धे सर्व्हर द्या. आजचा दिवस."

फासे म्हणजे असं. चिपमध्ये हजारो बारक्या डब्या असतात, प्रत्येकीत शून्य नाहीतर एक. वीज आली की कुठल्या डबीत काय असावं ते आपण ठरवून द्यायचं, त्याला रीसेट म्हणतात. रीसेट नसलेली डबी जागी होताना शून्य असेल की एक, ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. आमचा सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चिपची नक्कल करणारा प्रोग्रॅम, अशा डबीवर X लिहितो, म्हणजे 'माहीत नाही'. इथवर प्रामाणिकपणा. पण 'डबीत एक असेल तर हीटर चालू, नाहीतर बंद' असं वाक्य आलं की हा शहाणा X ला मुकाट्यानं 'नाहीतर'मध्ये ढकलतो. हीटर बंद, टेस्ट हिरवी, सगळे खूश. खऱ्या चिपमध्ये तिथं एक निघाला तर? म्हणून X च्या जागी कधी शून्य, कधी एक असे फासे टाकून तीच टेस्ट पुन्हा पुन्हा चालवायची.

"ते खूळ नको," रांगणेकर म्हणाले. "मागच्या वेळी ढिगानं खोट्या चुका निघाल्या. आठवडा खाल्लास तू."

"त्यात एक खरी होती."

"यामिनी, सर्व्हर सगळ्या टेस्टच्या शेवटच्या फेरीला लागलेत. उद्या सकाळी कोइमतूरच्या राजलक्ष्मी मॅडमबरोबर कॉल आहे, त्यांना सगळं हिरवं दाखवायचंय. शुक्रवारची गाडी चुकली तर पुढची दिवाळीच्या आसपास."

गाडी म्हणजे कारखान्याची ठरलेली तारीख. आमच्यासारख्या पाच-सहा बारक्या कंपन्यांच्या चिपा एकत्र घेऊन ते छापतात. चुकली की चुकली.

"सर, मी उदगीरची. आमच्याकडं लाईट जात नाही, डीम होते. बल्ब लाल होतो, पंखा कण्हतो. अशा वेळी सेन्सर अर्धा मेलेला आणि चिप नुकती जागी झालेली, असं रोज होणार. हे वॉर्मर कुठं जाणारेत? पुण्यात नाही."

त्यांनी चष्मा काढला. म्हणजे आता प्रवचन. "परवाच बंगलोरला कॉन्फरन्सला होतो. उद्योग कुठं चाललाय कल्पना आहे तुला? डिझाइनला एक माणूस आणि तपासायला दोन, हे कुणालाही परवडत नाही. जगात सगळीकडं आता एकच ट्रेंड. ज्याचं डिझाइन त्याच्याच टेस्ट. उरलेल्या तयार मिळतात, विकत आणायच्या. पुढच्या प्रोजेक्टपासून आपल्याकडंही तेच. तुझी टीम बंद. तुला डिझाइनमध्ये घेईन, काळजी करू नकोस."

"म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या."

"निरंजन चोर आहे?"

"निरंजन माणूस आहे, सर."

"जा, काम कर," ते म्हणाले.

गेले आणि केलं. वर्तक मॅडमच्या काळात मला सर्व्हरचे सगळे अधिकार दिले होते, ते काढून घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जेवायच्या सुट्टीत मी शेवटच्या फेरीची अर्धी कामं मारली आणि माझे फासे लावले. डबे खाऊन लोक परत आले तर पडद्यांवर काही हलेना. कुणीतरी ओरडलं, "ए, माझं रन मेलं!" मग दुसरा, मग तिसरा. रांगणेकर केबिनमधून बाहेर आले.

"कुणी केलं हे?"

"मी."

"मी नको म्हटलं होतं."

"ऐकलं, सर. पटलं नाही."

सगळं ऑफिस मान वळवून बघायला लागलं. माझ्या पाठीमागे मला सगळे 'होनराव तोफ' म्हणायचे, मला माहीत होतं. कॅन्टीनच्या चहात पाणी असलं की मला पुढं करायचे, एसी बंद पडला की मला पुढं करायचे, आणि तोफ उडाली की कानावर हात ठेवून हसायचे. रांगणेकरांचा चेहरा तांबडालाल झाला. "संध्याकाळपर्यंत काही निघालं नाही," ते म्हणाले, "तर उद्याच्या कॉलनंतर तुझं टेबल रिकामं कर."

"निघालं तर?"

ते आत गेले आणि दार आपटलं. काचेचं होतं, नीट आपटलंही गेलं नाही.

चहाच्या वेळेला पहिली लाल ओळ आली. मग आणखी एक, मग आणखी. मी एकेक उघडून पाहिली. सेन्सर गप्प आणि हीटर पूर्ण जोरात चालू. बंद व्हायचं नावच घेईना. कॉम्प्युटरवरचा हीटर तो, पण त्याच्याखाली एक वीतभर जीव झोपलाय असंच दिसायला लागलं मला.

उठले आणि थेट निरंजनच्या टेबलापाशी गेले. अबोल्यातही एवढं चालायचं, काय पडलं ते सांगायचं, कसं ते विचारायचं नाही.

"सेन्सर गप्प ठेवला की हीटर चालू राहतोय," मी म्हणाले. "नेहमी नाही. फासे टाकले की."

आता, जगातल्या कुठल्याही डिझायनरला तुझ्या कोडमध्ये चूक आहे म्हटलं की तो पहिलं वाक्य एकच बोलतो, "तुझी टेस्ट चुकीची असेल." काहीही होवो, हेच वाक्य. निरंजनसुद्धा. आमची ओळखच त्या वाक्यावर झाली होती. त्याच्यावरून आम्ही तेव्हा इतकं भांडलो, म्हणजे मी भांडले, की लोक म्हणाले आता हे दोघं लग्नच करणार.

त्या दिवशी तो ते बोलला नाही. पडद्याकडं पाहत राहिला आणि म्हणाला, "बरं."

"बरं? काय बरं?"

"बघतो."

मी त्याचा दंड धरला आणि त्याला जिन्यात नेलं. लिफ्ट असल्यामुळं त्या जिन्यात कुणी यायचं नाही, सिगरेटवाले सोडून. एक जण होता, त्याला म्हटलं, "जा." तो गेला.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"यामिनी, अबोला आहे."

"खड्ड्यात गेला अबोला. तुला माहीत होतं की नाही?"

तो कठड्याला टेकला. निरंजनचा चेहरा मोठा भोळा. वेंगुर्ल्याच्या मास्तरांचा मुलगा, आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नाही. माझ्या माहेरी म्हणतात, देवमाणूस.

"सरांनी रीसेट काढायला सांगितले," तो म्हणाला. "चिप मोठी होत होती. प्रत्येक डबीला रीसेटची वायर न्यायची म्हणजे जागा जाते. ते म्हणाले, जिथं लगेच नवीन आकडा येऊन बसतो तिथले काढ."

"आणि 'सेन्सर ठीक आहे' ही डबी?"

"तिथं पण सेन्सरचा पहिला आकडा लगेच येतो."

"सेन्सर गप्प असला तर नाही येत!"

"ते माझ्या लक्षात आलं. नंतर."

"कधी नंतर?"

"महिना झाला असेल."

मी बघतच राहिले. महिनाभर हा माणूस माझ्यासमोर बसून जेवत होता. रविवारी आम्ही सिंहगडावर गेलो होतो, पिठलं-भाकरी खाल्ली होती.

"सरांना सांगितलंस?"

"एकदा म्हटलं त्यांना. ते म्हणाले, टेस्ट हिरवी आहे ना? मग?" तो थांबला. "आणि तुला सांगता येत नव्हतं. नियमच आहे तसा."

"नियम चूक लपवायला केला होता का रे वर्तक मॅडमनी?"

"लपवली कुठं? मला वाटलं तू पकडशील." त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि ह्याची शप्पथ, त्याच्या नजरेत कौतुक होतं. "तू नेहमी पकडतेस. आणि बघ, पकडलंसच की. मग तू सरांशी भांडशील, ते तुझं ऐकतील, रीसेट परत येईल. मला एवढं माहीत होतं."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी, होनराव तोफ! मला एकदम सगळं ओळीनं दिसायला लागलं. सोसायटीचा चेअरमन पाणी सोडत नाही, "यामिनी, तू बोल ना." त्याच्या काकांना लग्नात शंभर पानं जास्त हवीत, "यामिनी, तूच सांग, तुझं ऐकतील." त्याची पगारवाढ अडली, तीसुद्धा मी जाऊन मागितली होती रांगणेकरांकडं, ह्याची! आणि मग सगळे म्हणायचे, केळुसकर किती शांत, बायको मात्र भांडकुदळ. त्याच्या आईनं तर एकदा माझ्यादेखत म्हटलं, "माझ्या मुलाचं कसं व्हायचं गो बाई!" तो शेजारीच बसला होता, मूग गिळून.

"मी पकडलं नसतं तर?" शेवटी मी विचारलं.

त्यानं कठड्यावरचं सिगरेटचं थोटूक बोटानं खाली ढकललं.

रांगणेकरांकडं मी एकटीच गेले. लाल ओळी दाखवल्या. त्यांनी नीट पाहिल्या, हे मान्य करायला हवं. मग म्हणाले, "माफी देऊन टाक."

चूक सापडली पण तशीच पुढं जाऊ द्यायची असली तर आमच्याकडं तिला माफी द्यायचे. त्याला डिझायनर आणि तपासणारा, दोघांचं हो लागायचं. एरवी क्षुल्लक गोष्टींना द्यायचे, कुठं एखादा दिवा क्षणभर उशिरा लागला वगैरे.

"हीटरला माफी?"

"लाखात एकदा घडेल असं. पुढच्या चिपमध्ये दुरुस्त करू. यामिनी, ही गाडी चुकली तर हे गिऱ्हाईक जाईल, आणि गिऱ्हाईक गेलं तर ह्या मजल्यावरची माणसं घरी बसतील. तुझा नवरा धरून. निरंजन तयार आहे."

"तो तसं म्हणाला?"

"'नाही' म्हणाला नाही."

हे मात्र अगदी खरं वाटलं मला.

संध्याकाळी घरी तो कांदा चिरत होता. स्वयंपाक तोच चांगला करायचा, ह्यात वाद नाही. मी खुर्चीत बसून होते. मग सुरी न थांबवता तो म्हणाला, "उद्या कॉलवर तू बोलशील ना?"

"काय?"

"हेच. की पाठवायची नाही म्हणून. तू म्हटलंस की राजलक्ष्मी मॅडम थांबवतीलच. त्या तुला मानतात."

त्या क्षणी मी ठरवलं. काय ठरवलं ते त्याला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "बघू. आमटीत आमसूल जास्त घालू नकोस."

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण नंतर काही जणांनी मला ह्यावरून नावं ठेवली. ती चिप तशी मी जाऊ देणार नव्हते. नोकरी जावो, रांगणेकरांनी मला खिडकीतून खाली फेको, शेवटी मी नाही म्हणणारच होते. बाळांचा जीव काही मी नवऱ्याला धडा शिकवायला पणाला लावला नव्हता. पण आधी त्याची पाळी होती. एकदा तरी.

सकाळी मीटिंगच्या खोलीत आम्ही तिघं. टेबलावर मधोमध स्पीकरफोन, त्यातून राजलक्ष्मी मॅडमचा कोइमतूरचा आवाज. बोलणं इंग्रजीत झालं, मी आपलं मराठीत सांगते.

रांगणेकरांनी सुरुवात झकास केली. एवढ्या टेस्ट, एवढ्या हिरव्या, एक बारीकशी माफी, शुक्रवारची गाडी. मॅडमनी विचारलं, "माफी कसली?"

"अगदी क्वचित घडणारी गोष्ट. सुरू होतानाची. आमच्या दोन्ही इंजिनिअर्सचं एकमत आहे." रांगणेकरांनी माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. "हो ना, यामिनी?"

खोलीतल्या दोघांनाही माहीत होतं आता काय होणार. रांगणेकर खुर्चीत मागं सरकले, दणका बसायची तयारी करून. निरंजन टेबलाकडं पाहत होता, आणि त्याचे खांदे सैल होते. डॉक्टर आला की घरच्यांचे होतात तसे.

मी फोनकडं वाकले. म्हणाले, "मॅडम, हा ब्लॉक निरंजनचा आहे. आधी त्याला विचारा."

आणि गप्प बसले.

निरंजननं मान वर केली. आधी त्याला वाटलं मी काहीतरी विसरले. डोळ्यांनीच विचारलं, काय गं? मी त्याच्याकडं पाहत राहिले. हाताची घडी घातली. रांगणेकर तर हसायलाच लागले, त्यांना वाटलं तोफेची दारू संपली.

"हां, निरंजन," ते म्हणाले, "सांग मॅडमना. एकमत आहे."

फोनमधून कुणीतरी कागद चाळल्याचा आवाज येत होता. काय सांगू, मी आयुष्यात इतकं कठीण काम केलेलं नाही. जीभ टाळूला लावून, दातांनी धरून बसले होते. माझं सगळं अंग ओरडत होतं, बोल मेल्या, बोल! तो न बोलता तर मी बोलले असते, ते ठरलेलं होतं, पण मग त्याच्याबरोबर राहिले असते का, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हाही माझ्या डोक्यात तोच प्रश्न होता.

"मिस्टर केळुसकर?" मॅडम म्हणाल्या.

"पाठवू नका," निरंजन म्हणाला.

इतकं हळू की मॅडमनी "सॉरी?" म्हटलं.

"पाठवू नका, मॅडम. एका डबीला रीसेट नाही. सुरू होताना सेन्सर गप्प असला तर हीटर चालू राहू शकतो. बंद होणार नाही." मग श्वास घेऊन म्हणाला, "रीसेट मी काढला. महिन्यापासून मला ठाऊक आहे."

"निरंजन!" रांगणेकर मराठीत ओरडले. "गाढवा, काय बडबडतोयस?"

"तुम्ही सांगितलं म्हणून काढला, सर. पण काढला मीच."

मग मॅडम म्हणाल्या, "गाडी सोडून द्या. दुरुस्त करा. मग आपण बोलू. बोलायचं पुष्कळ आहे." आणि कॉल बंद.

त्यानंतर रांगणेकरांनी जे तोंड सोडलं ते लिहिण्यासारखं नाही. शेवट असा झाला की केळुसकरनं आत्ताच्या आत्ता बाहेर व्हावं. मला काही म्हणालेच नाहीत. मला काढून टाकायची धमकी आदल्या दिवशी दिली होती, पण चूक तर निघाली होती. मी माझी पर्स उचलली आणि निरंजनच्या मागून निघाले.

खाली पार्किंगमध्ये ऊन होतं. स्कूटरपर्यंत तो माझ्या पुढं पुढं चालत आला. मग एकदम वळला.

"तू गप्प का बसलीस?"

"तुझा ब्लॉक होता."

"नोकरी गेली माझी, यामिनी! तू बोलली असतीस तर काही झालं नसतं. तुझं सगळे ऐकून घेतात. तुझा स्वभावच तसा म्हणून सोडून देतात!"

"स्वभाव?" मी म्हणाले, आणि मग मात्र माझा बांध फुटला. "स्वभाव नाही रे तो! लग्नाआधी मी अशी होते का, विचार उदगीरला जाऊन. होते थोडी. पण एवढी? मला एकटीला दोघांच्या वाटची भांडणं करावी लागतात, निरंजन. तुझ्या काकांशी मी, चेअरमनशी मी, सरांशी मी. तू चांगला राहावास म्हणून मी रोज वाईट होते. आणि तू बाजूला उभा राहून म्हणतोस, मला वाटलं तू पकडशील! मला नाही पकडायचं. मला थकायला झालंय."

मी रडत होते. भर दिवसा, वॉचमनसमोर. मला रडताना निरंजननं फारसं पाहिलेलं नव्हतं. तो हेल्मेट हातात घेऊन नुसता उभा राहिला.

"मला भांडता येत नाही गं," तो म्हणाला. "तोंडच उघडत नाही. लहानपणापासून."

"आत्ता वर उघडलं होतं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. रांगणेकर. आम्ही दोघांनी पडद्यावरचं नाव पाहिलं. त्यानं उचलला, आणि एवढ्या मोठ्यानं बोलणं चाललं होतं की मलाही ऐकू येत होतं. झालं गेलं विसरून जाऊ. मॅडमना फोन करून सांग की ताणाखाली गोंधळ झाला, तसं काही नाही. तुझी नोकरी राहील, बढतीचंही बघू. यामिनीला मध्ये आणू नकोस, तिचा स्वभाव तुला माहीत आहे.

सवयीनं माझा हात पुढं गेला. फोन घेण्यासाठी. इतकी वर्षं असं झालं की तो मुकाट्यानं फोन माझ्या हातात द्यायचा. त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सर," तो म्हणाला. "नाही. म्हणजे ऐका. तुम्ही जे, म्हणजे मी जे म्हटलं, ते खरं आहे. आणि... आणि यामिनीबद्दल तुम्ही... नाही, थांबा, मी बोलतोय. मी बोलतोय ना! एकतर तुम्ही मला गाढव म्हणालात. नाही, ते सोडा, ते नंतर. आधी हीटर."

सांगू का, जगात इतकं वाईट भांडण कुणी केलं नसेल. मुद्दा सोडून भलतीकडं जायचा, परत यायचा, अर्ध्या वाक्यात माफी मागायचा आणि ती परत घ्यायचा. आवाज फुटला, चढला. वॉचमन स्टूलवरून उठून बघायला लागला. शेवटी मराठी संपली आणि वेंगुर्लं बाहेर आलं. "माका नाय जमूचा ता!" तो पार्किंगभर ओरडला. "नाय म्हणजे नाय!"

मी स्कूटरवर टेकून ऐकत होते. तो दोनदा चुकीचं बोलला, एक सगळ्यात चांगला मुद्दा तर पार विसरला. माझ्या जिभेवर तो आला होता. मी काही बोलले नाही.